कोल्हारच्या शाळेत जपानी जाहिराती

राहुरीला कॉलेजात असताना मला रविवार नकोसा वाटायचा. वसतिगृहातली बरीच मुलं शनिवारीच घरी जायची. माझंही घर फार लांब नव्हतं. कोल्हारजवळ कालव्याच्या कडेला आमची वस्ती. पण एकदा घरी गेलो की सोमवारी परत यायला पाय उचलत नसे, म्हणून मी जायचंच बंद केलं होतं.

खोलीतला दुसरा मुलगा भिंगारचा. त्याचे वडील लष्करी कचेरीत नोकरीला होते. त्याचे मित्र यायचे, खोलीभर गप्पा चालायच्या, आणि मी पुस्तक घेऊन व्हरांड्यात बसायचो. मला कोणी वाईट वागवलं नाही. कोणी काही म्हणालंच नाही. मेसमध्ये मी भाजी वाढायला सांगायचो, तेवढाच दिवसभरात माझा आवाज मला ऐकू यायचा.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीआधी मी ठरवलं, कॉलेज सोडायचं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. त्यामुळे दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे कसं सांगायचं ते सुचत नव्हतं.

त्याच सुमारास कॉलेजात एक जपानी पाहुणे आले. भातशेतीच्या चिखलात चालणारा हाताने धरायचा छोटा ट्रॅक्टर ते गावोगाव दाखवत होते. कोल्हारला जायचं ठरलं तेव्हा सरांनी मला बरोबर दिलं, कारण मी त्या बाजूचा. त्यांचं इंग्रजी तुटकं, माझंही तुटकं. आमचं चांगलं जमलं.

जीपमध्ये त्यांनी मला गावात दाखवायला आणलेल्या, डब्यातल्या फिल्मविषयी सांगितलं. त्यांच्या देशात घरोघरी टेलिव्हिजन आहे. कार्यक्रमांच्या मधे मधे जाहिराती लागतात. त्यांच्या कंपनीच्या जाहिरातीत एक तरुण गायक आहे, तो सिनेमांतही काम करतो, आणि तिकडच्या मुली त्याच्यासाठी वेड्या झाल्यात. त्यांच्या मुलीने हट्ट केला म्हणून त्यांनी त्याच्या आणखी दोन जाहिराती मिळवून त्याच फिल्मला जोडल्या होत्या. मुलीचं सांगताना ते हसले आणि मग बराच वेळ बाहेर उसाकडे बघत राहिले. टेलिव्हिजन मी कधी पाहिला नव्हता. तरी मान हलवली.

शाळेच्या खिडक्यांना गोणपाटं लावून वर्गात अंधार केला होता. लोक दाटीने बसले होते. दादा मागच्या भिंतीला टेकून उभे होते. मी पडद्याशेजारी उभा राहिलो. आधी यंत्राची माहिती झाली, ती मी जमेल तशी मराठीत सांगितली. मग जाहिराती लागल्या.

पहिलीत तो मुलगा पिशवी घेऊन आगगाडीतून उतरतो, घरी येतो. आई त्याच्यापुढे वाफाळत्या शेवयांचा वाडगा ठेवते. तो फुंकर घालत खातो आणि ती नुसती बघत बसते. दुसरीत तो एका लहानशा खोलीत एकटाच, रेडिओ कानाशी धरून. तिसरीत विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तो चिखलात यंत्रामागे चालतोय आणि मोठ्याने हसतोय. प्रत्येकीच्या शेवटी त्या त्या वस्तूचं मोठं चित्र यायचं. पण तिकडे कोणी फारसं बघत नव्हतं.

लोकांनी पुन्हा लावायला सांगितलं. पाहुण्यांनी आनंदाने लावलं. दुसऱ्यांदा संपल्यावर तात्या उभे राहिले. ते दादांचे चुलतभाऊ, कुठेही गेले तरी बोलल्याशिवाय राहत नसत. त्यांना सगळी गोष्ट कळली होती. पोरगा सुट्टीला घरी आला, आईच्या हातचं जेवला, परत शहरात गेला, तिथं एकट्याला करमेना, म्हणून शिक्षण सोडून शेवटी आपल्या रानात आला.

"आता बघा कसा हसतोय," तात्या म्हणाले आणि मागे वळले. "दादा, तुझं बी पोरगं असंच येतंय बघ यंत्र घिऊन. तवर बैलं इकू नको."

सगळे हसले. मी दादांकडे पाहिलं. तेही हसत होते, खाली बघून.

मी गप्प राहिलो असतो तर माझं काम सोपं झालं असतं. जे मला सांगायला जमत नव्हतं ते तात्यांनी भर सभेत सांगून टाकलं होतं. पण मला तिथं समजावून सांगण्यासाठीच पाठवलं होतं. मी अडखळत म्हणालो की ही एक गोष्ट नाही. रेडिओवर गाण्यांच्या मधे साबणाची जाहिरात लागते ना, तशा या तीन वेगळ्या जाहिराती आहेत. मुलगा शेतकरी नाही, गाणी म्हणणारा आहे. तो परत वगैरे आलेला नाही.

"मंग आय?" कोणीतरी विचारलं.

"तीही नटीच असणार," मी म्हणालो.

मग लोक उठून यंत्र बघायला बाहेर गेले.

गोणपाटं काढायला दादा थांबले. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. आम्ही घडी घालत होतो. दादा म्हणाले, "चांगलं केलंस, सांगून टाकलं. लोकांम्होरं सांगितलंस ते बरं झालं."

मला कळेना. ते पुढे म्हणाले, "तात्या उगा बोलतो. तू परत न्हाई येनार, ते मला ठावं हाय. शिकलेलं मानूस कशाला चिखलात येतंय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी जाहिरातींबद्दल बोललो होतो, दादांनी ते माझ्याबद्दल ऐकलं होतं. तो मुलगा आलेला नाही, म्हणजे मी येणार नाही.

"दादा, मला तिथं करमत न्हाई," मी म्हणालो. "मला घरी यायचंय."

त्यांनी एकदम वर पाहिलं. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर क्वचितच पाहिला असेल.

"खरं म्हनतोस? पास झाल्यावर?"

हातातलं गोणपाट मी आणखी एकदा दुमडलं. नाही, आताच, एवढंच म्हणायचं होतं. त्यासाठीच मी इतके दिवस शब्द जुळवत होतो. पण ते माझ्याकडे बघत होते. पास होऊन येणारा मुलगा त्यांना दिसत होता, आणि दोन्ही गोष्टी त्यांना एकदम मिळाल्या होत्या.

"व्हय," मी म्हणालो. "पास झाल्यावर."

दादांनी गोणपाटाचा गठ्ठा उचलून खांद्यावर टाकला आणि बाहेर तात्यांना गाठायला निघाले. त्यांचा आवाज मला आत ऐकू येत होता. पोरगं येनार हाय, ते सांगत होते, सोता म्हनला.

दिवस मावळायच्या आत आम्ही राहुरीला परत निघालो. वाटेत पाहुण्यांनी विचारलं की माझ्या वडिलांना फिल्म आवडली का. आवडली, मी म्हणालो. फार आवडली. त्याहून जास्त सांगण्याइतकं इंग्रजी मला येत नव्हतं, आणि मराठीत ऐकणारं जीपमध्ये कोणी नव्हतं.