लाटणं ज्याच्या हातात

रविवारी आमच्या हॉलमध्ये मुक्ताचा, म्हणजे माझ्या मुलीचा, गट जमतो. कॉलनीतली पोरंपोरी सतरंजीवर गोल करून बसतात. गटाला अध्यक्ष नाही. मुक्ता स्वयंपाकघरातून लाटणं उचलून नेते. ते ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. एरवी तोंड न उघडणारी शेजारची सायलीसुद्धा आज ते घट्ट धरून वाचनालयाच्या वेळेवरून तावातावानं बोलली. दारातून बघताना मला हसू आलं, आणि थोडा हेवाही वाटला. आमच्या वेळच्या मंडळात ज्याचा आवाज मोठा, त्याचंच खरं असायचं. घरातही तसंच, म्हणा.

दुपारी जेवताना मी नेहमीसारखा बोलत सुटलो होतो. ओट्यापाशी पोळ्या लाटता लाटता बायको काहीतरी सांगू बघत होती.

मुक्ता म्हणाली, "बाबा, लाटणं आईच्या हातात आहे."

मी घास ताटात ठेवून ओट्याकडे वळलो. बायको जरा गोंधळली, मग हसली. "काही नाही हो. मलाही एकदा तुमच्याबरोबर बसून गरम पोळी खायचीय."

आणि तिनं लाटणं माझ्यापुढे धरलं. नियमाप्रमाणे आता बोलायची पाळी माझी होती. मी ते घेतलं आणि मुकाट्यानं पोळपाटापाशी जाऊन उभा राहिलो.