कल्हई केलेलं पातेलं

आमच्याकडे पाहुणे जेवायला असले की बायको अजूनही ते पितळी पातेलं काढते. शंभर माणसांची खीर त्यात सहज मावते. बूड जाड आहे, त्यामुळे दूध खाली लागत नाही. काठ बाहेर वळवलेला असल्यामुळे उचलताना बोटांत रुतत नाही. काठाखाली आईच्या माहेरचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आहे. आईच्या स्वयंपाकघरात चांगल्या वस्तू पुष्कळ होत्या. शिसवी पाटाची खवणी होती, आमटी वाढायचं लांब दांड्याचं ओगराळं होतं, तांदूळ धुवायची बारीक विणीची रोवळी होती. पण जीव होता तो ह्या पातेल्यावर. त्यातली खीर मी गेली कित्येक वर्षं खाल्लेली नाही. दूध पचत नाही, असं बायकोला सांगतो. ते खोटं आहे.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. मी तिशीला टेकलो होतो आणि वसईतली आमची केळीची वाडी माझ्या अंगावर आली होती. धाकट्या बहिणीचा साखरपुडा ठरला. शंभर पानं उठायची होती आणि प्रत्येक पानावर आमच्याच वाडीतलं पिकलेलं केळं पडायला हवं, असा वडिलांच्या वेळेपासूनचा शिरस्ता होता.

आळीत कुठलंही कार्य असलं की स्वयंपाकाला एका विधवा बाईला बोलावत. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. लांबच्या नात्यानं भावजय लागायची, म्हणून मी तिला वहिनी म्हणायचो आणि ती मला भावोजी. बारसं, मुंज, साखरपुडा, सगळीकडे तिचाच हात. त्याबद्दल मिळणारं धान्य आणि वर्षाची दोन लुगडी, एवढ्यावर तिचं घर चालायचं. लोकांच्या चुली हाच तिचा आधार होता.

साखरपुड्याच्या तीन दिवस आधी ती आली. माळ्यावरची भांडी उतरवून तिनं चिंचेनं घासली आणि मागच्या ओट्यावर पालथी घातली. गेल्याच महिन्यात कल्हई केलेलं पातेलं त्यात सगळ्यात पुढे होतं. मग ती घरी गेली आणि आई देवळात गेली.

मी तेव्हा केळी पिकत घालत होतो. आमच्याकडे त्यासाठी वाडीत एक कोंदट खोली आहे. घड रचायचे, सुकी केळीची पानं घालायची, मधोमध मडक्यात नारळाची सोडणं पेटवून नुसता धूर करायचा, आणि दार ओल्या मातीनं लिंपून दोन दिवस उघडायचं नाही. मडकं ओट्याशी आणून त्यात निखारे भरत होतो, तोच ते तडकलं आणि दोन तुकडे झाले. नवं आणायला बाजारात जाऊन येईपर्यंत अर्धा दिवस गेला असता. समोर पातेलं दिसलं. पितळच ते, त्याला धुरानं काय होणार, असं मला वाटलं. स्वयंपाक न करणाऱ्या माणसालाच असं वाटू शकतं. त्यात निखारे ओतले, वर सोडणं घातली, पातेलं खोलीत ठेवलं आणि दार लिंपून टाकलं.

दोन दिवसांनी दार उघडलं. केळी सोन्यासारखी पिकली होती. पातेल्यातली कल्हई वितळून तिचे मणी बुडाशी जमले होते आणि आतलं पितळ काळंनिळं पडलं होतं. मी ते सुक्या पानांखाली दडवलं. साखरपुडा झाला की आईला सांगू, असं मनाशी म्हटलं.

पण आईला ते आदल्याच दिवशी हवं होतं. ओट्यावर नाही, माळ्यावर नाही, शेजारी नाही. खीर मागून आणलेल्या दोन लहान पातेल्यांत झाली. जेवणं आटोपल्यावर वहिनी आपली टोपली केळीच्या पानानं झाकून निघाली, तेव्हा आई दारात उभी राहिली.

“टोपलीत काय गो?”

“तुम्हीच दिलेली खीर आणि चार पुऱ्या. बघा हवं तर.”

“बघायला कशाला हवं? मी आपलं विचारलं.”

आणि आईनं पान उचलून पाहिलं.

मी पाच हातांवर उभा होतो. एका वाक्याचं काम होतं.

पुढचा महिनाभर आमच्या घरात एक वाईट हवा होती. आईनं खवणी आणि ओगराळं फडताळात बंद केली आणि किल्ली कनवटीला लावली. आळीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या की बोलणं फिरून पातेल्यावर यायचं. आई नाव घ्यायची नाही. “शेवटचा हात कुणाचा लागला, ते मला ठाऊक आहे,” एवढंच म्हणायची. ते पुरेसं होतं. एका घरी वहिनीसमोर चमचे मोजून दिले आणि मोजून घेतले. दुसऱ्या घरच्या बारशाला तिला बोलावणंच आलं नाही.

मला मात्र सगळे माझ्यावरच नजर ठेवून आहेत असं वाटायचं. बायकोनं सदरा धुवायला घेतला की तिला धुराचा वास आला असणार. गडी केळीच्या खोलीकडे वळला की त्यानं पानं उकरली असणार. वहिनी वाटेत भेटली की ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघते, असंही वाटायचं. दोष माझा, आणि संशय मी जगावर घेत होतो.

शेवटी पातेलं गोणपाटात बांधलं, सायकलला लावलं आणि ओळखीचं कुणी नसेल अशा कामणच्या बाजूला गेलो. कल्हईवाल्यानं आत डोकावून माझ्याकडे पाहिलं.

“शेठ, ह्यात भात शिजवला का कोळसे?”

“तुम्ही कल्हई करा.”

“करतो. पण घरवालीला विचारा, भांड्याला काळं बाहेरून लागतं. आतून कसं लागलं?”

पातेलं चांदीसारखं लखलखीत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी नसताना मी ते मागच्या ओट्यावर पालथं घातलं. वाटलं, मिटलं.

आईनं ते उचललं, उताणं केलं, आत बघितलं आणि मान हलवली. “ताजी कल्हई! माझी कल्हई जुनी नव्हती झाली. कुठल्या तरी कार्यात नेऊन वापरलंन, खराब केलंन, आणि आता वरून कल्हई करून गुपचूप आणून ठेवलंन. चोर पण नीटनेटका!”

तोवर नुसता संशय होता. माझ्या कल्हईनं त्याचा पुरावा झाला. संध्याकाळपर्यंत पातेलं परत आल्याचं आळीभर झालं आणि वहिनीच्या चुली एकामागून एक बंद झाल्या.

आठ-दहा दिवसांनी ती वाडीत आली. जळणाला सुकी पानं हवीत, म्हणाली. खोलीच्या दाराशी नवं मडकं होतं. ते तिनं पाहिलं.

“जुनं मडकं फुटलं वाटतं, भावोजी?”

“हो.”

“साखरपुड्याच्या आधीच फुटलं. दुसऱ्या दिवशी पीठ दळायला आले, तेव्हा ओट्याखाली खापऱ्या होत्या. मीच पायानं बाजूला केल्या. मग धूर कशात घातलात?”

“शेजारून मडकं आणलं.”

“बरं. कुठल्या शेजाऱ्याकडून ते विचारत नाही.” ती पानं गोळा करत राहिली. मग सरळ उभी राहून म्हणाली, “मी बोलले तर म्हणतील, अंगावरचं झटकतेय. महिनाभर वाट बघितली तुमची. पातेलं हातात घ्या आणि चार घरं फिरा. फक्त चार. मोठी कार्यं तिथंच होतात. मला दुसरं काही नको.”

मी आधी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली. “मी साऱ्या आळीत बोलून बसलेय,” ती म्हणाली. “आता तू तोंड उघडायचं नाहीस.”

तरी मी निघालो. पहिल्या घरी म्हाताऱ्या मालकांनी ऐकून घेतलं आणि “सांगितलंस ते बरं केलंस” म्हणाले. दुसऱ्या घरी हसले. “केळ्यांपायी पातेलं जाळलंस? अरे, तुला वाडी सांभाळायला दिली की स्वयंपाकघर?” तेही मला बरं वाटलं.

तिसऱ्या घरची मालकीण विळीवर कच्ची केळी चिरत होती. तिनं हात थांबवला नाही.

“पातेलं तुझ्या घरचं. बोट दाखवलं तुझ्या आईनं. आणि दारोदार फिरून सफाई देणार तू?”

“कारण चूक माझी आहे.”

“असेल हो. वहिनीची एवढी कळकळ आहे म्हटल्यावर चूकही अंगावर घेता येते.” आतून कुणीतरी फिसकन हसलं. “तुझ्या बायकोला ठाऊक आहे ना, भावोजी कुणासाठी उन्हातान्हात फिरतायत ते?”

मी बाहेर आलो. चौथं घर सर्वांत मोठं. त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात लग्न होतं आणि आचारीण ठरायची होती. फाटकापर्यंत गेलो, कडीला हात लावला आणि परत फिरलो. आता बोललो तर तिचीच बदनामी होईल, असं मी स्वतःला सांगितलं. ते अगदी खोटं नव्हतं. पण मी परत फिरलो तो माझ्या लाजेनं, तिच्या काळजीनं नव्हे. अर्धवट सांगून मी तिच्यावर चोरीच्या जोडीला दुसरा संशय ओढवला आणि दोन्ही तसेच ठेवले.

लग्नाला त्यांनी बाहेरची आचारीण आणली. पावसाआधी वहिनी आळीतलं घर बंद करून भावाकडे गास गावाला गेली. तिथं त्याच्या भाजीच्या शेतात राबू लागली.

आई वारल्यावर मी एकदा गासला जाऊन आलो. ती वांगी तोडत होती. केस पिकले होते. मला बघून तिनं टोपली खाली ठेवली, आतून तांब्याभर पाणी आणून दिलं. “वहिनी,” म्हणालो.

“चौथ्या घरी गेला होतात?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग पाणी प्या आणि जा.”

मी पाणी प्यायलो आणि परत आलो. येताना चौथ्या घराचं ते फाटक वाटेतच होतं.