भट्टीवाला आणि उन्हाची खोली

भट्टीवाल्याला जगातल्या बहुतेक प्रश्नांचं एकच उत्तर ठाऊक आहे: पीठ. बेकरीत रात्रभर पाव भाजून तो सकाळी घरी येतो, पडदे ओढतो आणि दुपार कलेपर्यंत झोपतो. लग्नाआधीपासून हाच क्रम. त्यामुळे शेजारी त्याला चेहऱ्यापेक्षा घोरण्यावरून जास्त ओळखतात.

झोपेबद्दल त्याचा सिद्धांत होता. पीठ उबेत फुगतं, तशी झोपही उबेतच फुगते. म्हणून घरातली उन्हाची खोली त्याने पहिल्या दिवशीच काबीज केली होती. बायको बस चालवते, ती दिवसा घरात नसतेच. सासूबाई राहायला आल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला सावलीकडची खोली आली. तिथे त्या दोन शाली पांघरून बसत आणि जावयाच्या सिद्धांताबद्दल जे काही वाटे ते शालींच्या आत ठेवत.

यंदा थंडी तोंडावर आली आणि उन्हाच्या खोलीच्या पांढऱ्या भिंतीवर, बाहेरच्या अंगाला, लाल भुंगेरे जमले. डाळीच्या दाण्याएवढे, पाठीवर काळे ठिपके. एकटा असता तर पोरांनी तळहातावर घेऊन लाड केले असते. पण हे वऱ्हाडच होतं. खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यातल्या फटीतून ते आत शिरले, भिंतीच्या पोकळीत मुक्काम ठोकला, आणि दुपारी खोली तापली की थंडी संपली असं समजून फिरायला निघू लागले.

भट्टीवाल्याला आधी ते स्वप्नच वाटलं. अर्धवट झोपेत त्याला छत दिसे, सोनेरी, मऊ, नुकतंच भट्टीतून काढल्यासारखं, आणि त्यावर मनुका. मनुका सावकाश चालत. एखादी पंख उघडून दिव्याला प्रदक्षिणा घालून येई. तो झोपेतच हसे, माल ताजा आहे म्हणे. मग एक मनुका नाकावर पडे.

एके दुपारी त्याने चप्पल उचलली. संध्याकाळी बायको घरी आली ती नाक मुरडतच.

"चिरडलात ना? चिरडला की वास सोडतो आणि डाग पाडतो, सांगितलं होतं मी."

"मी नाही चिरडला. चप्पल पडली."

"उशीवर?"

"पडते कधी कधी."

झोप मोडायची ती मोडलीच, आणि एका पहाटे सगळा पाव बिनमिठाचा निघाला. मालकांनी तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला. "पुन्हा असं झालं तर तुला दुकानात बसवीन. दिवसा. बिस्किटं वीक." भट्टीवाल्याने भट्टीकडे पाहिलं. भट्टीचं दार उघडताना तोंडावर येणारी ती ऊब, फुगून आलेल्या गोळ्याखाली घातलेला हात, हे सगळं जाणार आणि आपण बरण्यांमागे उभे राहून सुट्टे पैसे मागणार!

तेव्हा त्याने कंबर कसली. शहाण्या माणसाने फट बुजवायला काचेला लावतात ती लांबी आणली असती. आपल्या गड्याने बेकरीतून खमिराच्या पिठाचा गोळा आणला. चौकटीभोवती त्याने तो असा निगुतीने थापला की भिंतीलाही वाटलं असेल, आता आपल्याला भाजणार. कडीच्या खोबणीतही थोडा भरला, आणि निश्चिंत झोपला.

दुपारचं ऊन आलं. पिठाने आपला धर्म पाळला. ते फुगलं, कडी सुटली, खिडकी चार बोटं उघडली, आणि बाहेर ताटकळलेले उरलेसुरले भुंगेरे आत आले. भट्टीवाला त्या वेळी स्वप्नात एक ढग मळत होता. जाग आली तेव्हा त्याच्या पांघरुणाला ठिपके होते.

सासूबाई दारात उभ्या. "जावईबापू, खिडकीला भूक लागली होती का?"

त्या रात्री मीठ घालायचं तो पुन्हा विसरला. पीठ अर्धं मळून झाल्यावर आठवलं, म्हणून निभावलं. सकाळी तो घरी आला आणि उन्हाच्या खोलीत न जाता सासूबाईंच्या दाराशी जमिनीवर बसला.

"आई, मला झोप हवीय हो. बाकी काही नको."

"मग त्या खोलीत काय करताय? ते किडे उबेसाठी आलेत. तुमच्यासाठी नाही."

"पण मला ऊब लागते."

"तुम्ही रात्रभर भट्टीपुढे असता. ऊब मला लागते." एवढं बोलून त्यांनी वरची शाल सारखी केली. इतक्या वर्षांत त्यांनी खोलीबद्दल काढलेला हा पहिलाच शब्द.

भट्टीवाला खजील झाला. "किडे आहेत तिथे, आई."

"असू देत. तुमच्यापेक्षा कमी घोरतात."

गाद्यांची अदलाबदल तिथल्या तिथे झाली. सासूबाईंनी व्हॅक्यूम क्लीनर मागवला, आपला लांब नायलॉनचा मोजा नळीत घातला आणि त्याची कड नळीच्या तोंडावर उलटवून रबराने बांधली. किडे मोज्यात अडकतात, यंत्रात वास भरत नाही. यंत्र बंद करण्याआधी मोज्याला गाठ मारायची आणि दूर नेऊन रिकामा करायचा. भिंतीतल्यांना मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. "आत मेले तर त्यांच्यावर दुसरे किडे येतील. उन्हाळ्यात भिंत रिकामी झाली की बाहेरून लांबी भरा. लांबी हं, जावईबापू."

सावलीकडच्या खोलीत उजेड निळसर होता, पाण्याखाली असावा तसा. गादी गार. भट्टीवाला साशंक मनाने आडवा झाला. पलीकडून यंत्राची घरघर येत होती, मधूनच सासूबाईंचा आवाज, "ये, तूही ये, लाजू नकोस." घरघर लांब गेली, नदीवरच्या होडीसारखी. छतावर काहीच नव्हतं. तो त्या काहीच नसण्याकडे बघत राहिला, आणि बघता बघता ते छत हलकेच खाली येऊन त्याच्यावर पांघरलं गेलं.

बायको बस लावून घरी आली तेव्हा अंधारत होतं. तिने त्याला दोनदा हलवलं.

"अहो, उठा. कामावर जायचंय ना?"

"मीठ घातलं," तो डोळे न उघडता म्हणाला, आणि कुशीवर वळला.