ओसरीवर भरलेले फॉर्म

जयपूरच्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझी ओळख अजूनही 'कॅन्सर सर्वेक्षणवाले साहेब' अशी करून देतात. मीही निर्लज्जपणे नमस्कार करतो.

जयपूरजवळच्या बस्सीच्या पुढच्या गावांत घरोघरी जाऊन कोण तंबाखू खातं, हे आम्ही विचारायचं होतं. तोंडाची तपासणी कोणाची करायची, ते त्यावर ठरणार होतं. प्रत्येकाला वेगळं विचारा, अशी सूचना होती. आम्ही पुरुष ओसरीवर खाटेवर बसून चहा ढोसायचो. बायका आत, घुंघटात. त्यांची उत्तरं सासरा द्यायचा.

"औरतें तंबाकू लेती हैं?"

"राम राम, साहब! हमारे घर की औरतें?"

झालं संशोधन. सासू आणि सुना, सगळ्यांच्या नावापुढे 'नाही'.

एका घरी सून चहा घेऊन आली. तिची तर्जनी काळी होती, आणि वास मी ओळखला. माझी आई रोज मशेरी लावायची. पाहुणे आले की डबी मला फडताळात लपवायला लावायची. इथेही बायका तंबाखूची भुकटी दातांना लावतात, हे मला त्या क्षणी कळलं. तरी मी 'नाही' लिहिलं. सासरा समोर होता, चहा गरम होता.

अहवालात आलं की इथल्या बायका तंबाखूपासून दूर आहेत. तपासणीच्या शिबिराला फक्त पुरुषांना बोलावलं. समारोपात माझ्या डोक्याला साफा, म्हणजे राजस्थानी फेटा, बांधला. आत काही नसलं तरी साफा छान बसतो.

गेल्या हिवाळ्यात रक्तदाबाच्या गोळ्या आणायला इस्पितळात गेलो, तर रांगेत तोच सासरा. मागे सून, ओढणी तोंडावर दाबून.

"साहब, बहू से रोटी नहीं निगली जाती. डॉक्टर बोले, मुँह का कैंसर है, देर कर दी. आपके कैंप में औरतों को तो बुलाया ही नहीं था."

"भगवान भली करेगा," मी म्हणालो. एवढंच सुचलं मला.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आईंची डबी लपवायची सवय सुटली नाही तुमची."

अहवाल दुरुस्त करा म्हणून सांगायला जुन्या कार्यालयात गेलो. तिथला तरुण अधिकारी हसला. "काकाजी, रिपोर्ट तो फाइनल है. साइन भी आप ही की है."

आहे ना. म्हणूनच आता लेखी देतोय: ते 'नाही' त्या बायकांचं नव्हतं, माझं होतं. त्या घरांत पुन्हा जा. बाईला पाठवा, आणि ओसरी ओलांडून आत पाठवा.