कॉलेजच्या रिपोर्टसाठी आईचा फोटो

“आईंना जरा जुनी साडी नेसायला सांग ना.”

आमच्या दारात उभं राहून कॉलेजच्या मॅडम मला म्हणाल्या. शेजारी कॅमेरावाला. आई सकाळपासून नवी निळी साडी नेसून, केस विंचरून बसली होती. फोटो काढणार म्हणून.

मी भांडुपच्या टेकडीवर राहते. खालच्या कम्युनिटी कॉलेजात मी एसी दुरुस्ती शिकले. वर्गात एकटीच मुलगी. पुढे तिथेच तासांवर शिकवायला लागले. नाहूरच्या टॉवरांतले एसी आमचीच पोरं चालू ठेवतात. दवाखान्यांत आमच्या मुली पेशंट सांभाळतात. कॉलेजमुळे हा भाग कसा वर आला, असा रिपोर्ट मॅडम करत होत्या. कॉलेजला देणगी देणाऱ्या वांद्र्याच्या कंपन्यांना दाखवायला.

आणि मी? मीच म्हणाले, “नेस गं आई. दोन मिनिटांचं काम आहे.”

ते आठवलं की आजही स्वतःची चीड येते.

आई आत गेली, विटकी साडी नेसून आली. वीस वर्षं त्याच कॉलेजात झाडू मारला तिने. सांगितलेलं ऐकायची सवय.

मॅडमनी कोपऱ्यातला झाडू तिच्या हातात दिला. मला म्हणाल्या, “तू टूलकिट घेऊन बाजूला उभी राहा. आई म्हणजे आधी, तू म्हणजे नंतर.”

आईने विचारलं, “बाई, मी आधीची. मग आताची मी कुठं बसू?”

मॅडम हसल्या. कॅमेरावालाही हसला. आई हसली नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं.

माझ्या डोक्यात सणक गेली. आईच्या हातातला झाडू मी काढून घेतला.

“फोटो नाही निघणार.”

“अगं, कॉलेजने घडवलं तुला. आणि पुढच्या टर्मचे तास द्यायचेत ना तुला?”

“मॅडम, कॉलेजने या भागाला काय दिलं ते लिहिलंय तुम्ही. या भागाने कॉलेजला काय दिलं, ते कुठल्या पानावर आहे?”

मॅडम चप्पल घालून निघून गेल्या.

पुढच्या टर्मला मला तास मिळाले नाहीत. रिपोर्ट निघाला. गुळगुळीत कागद. आत झाडू धरलेली दुसरी बाई, आमच्याच गल्लीतली. तिची पोरगी माझ्याच हाताखाली शिकलेली. त्या पोरीला गाठून विचारलं. खाली बघत म्हणाली, “ताई, नाही म्हटलं असतं तर सर्टिफिकेट अडकवलं असतं.”

त्या दिवशी मला कळलं, माझ्या एकटीच्या नकाराने काही होत नाही. फोटोचं फक्त घर बदलतं.

मग अॅडमिशनचा फॉर्म आणून नीट वाचला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ. विद्यार्थ्याचे व कुटुंबाचे फोटो वापरायला कॉलेजला परवानगी. मीही कधीतरी त्याखाली सही केली होती. न वाचता.

जूनमध्ये अॅडमिशन सुरू होतील. मी कॉलेजच्या फाटकावर उभी राहणार. प्रत्येक मुलीला ती ओळ मोठ्याने वाचून दाखवणार, तिच्याच पेनाने खोडायला लावणार.

मॅडम, वॉचमनला बोलवा. पोलिसांना बोलवा. मी हलणार नाही.