दूध उतू जात असताना

माझ्या धाकट्या जावेला गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत नोकरी हवी होती. पाहुण्यांना कारखाना दाखवायचा, पेल्यात वाइन ओतून द्यायची, सगळं इंग्रजीत. मुलाखत पंधरवड्यावर. बारावीनंतर ती इंग्रजी बोललीच नव्हती, आणि दिराच्या दुकानात बसून ती पुरती कंटाळली होती.

नियोजन अर्थातच माझ्याकडे आलं. जे काम करतोय ते करतानाच मोठ्याने इंग्रजीत सांगायचं, असा नियम केला. तिला एकटीला लाज वाटायची, म्हणून तो घरातल्या सगळ्यांना लागू केला. खोलीवार क्रियापदं लावून दिली. स्वयंपाकघराला कटिंग, वॉशिंग, स्टरिंग. आमच्या ह्यांनी सोफ्यावरून "आय ॲम सिटिंग" म्हटलं आणि आपला वाटा उचलल्यासारखे परत पेपरात शिरले.

चौथ्या दिवशी दूध उतू गेलं. "मिल्क इज बॉइलिंग," जाऊ म्हणाली. "मिल्क इज कमिंग अप," मी म्हणाले. सासूबाई देवघरातून ओरडल्या, "मिल्क इज गोइंग! अगं, गॅस कोण बंद करतंय?" कोणीच करत नव्हतं. वाक्य बोललं की काम झालं, असं आम्हाला वाटायला लागलं होतं.

मुलाखत लॅपटॉपवर होती. मी दाराआड उभी. वायनरीच्या मॅडमनी तिला स्वतःबद्दल सांगायला सांगितलं.

"आय ॲम सिटिंग," जाऊ म्हणाली. "यू आर ड्रिंकिंग वॉटर."

मॅडमनी बाटली खाली ठेवली.

"यू आर कीपिंग द बॉटल."

थांब, अशी मी हाताने खूण केली.

"माय सिस्टर-इन-लॉ इज वेव्हिंग."

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन थेट कॅमेऱ्यासमोर. "आय ॲम गिव्हिंग टी," त्यांनी मॅडमना सांगितलं.

मॅडम मराठीत आल्या. "तुमच्या घरी सगळेच असं बोलतात?"

"ताईंचा नियम आहे," जाऊ म्हणाली.

मॅडमनी तिला कारखाना समजून घर दाखवायला सांगितलं. लॅपटॉप उचलून ती खोल्याखोल्यांतून फिरली. फ्रिज उघडला, माठातलं पाणी पेल्यात ओतलं, न अडखळता सांगत राहिली. दुसऱ्या दिवशी फोन आला. सोमवारपासून ये, महिनाभर बघू. फक्त पाहुणे घोट घेतील तेव्हा पूर्ण गप्प राहायचं.

मी त्याच रात्री जेवणाच्या वेळी गप्प राहण्याचा सराव ठेवला. ताटं वाढून झाली. आमटी वाढताना जावेचे ओठ हलत होते. दुसऱ्या वाढपाला तिने पळी पातेल्यात टाकली.

"ताई, दुकानच बरं होतं हो."

"जेव गपचूप," मी म्हणाले. "सोमवारपर्यंत चार जेवणं आहेत अजून."