डाव्या बाजूचे ओरखडे

आमच्या ह्यांनी सगळी नोकरी आंबोलीच्या घाटात बस चालवण्यात काढली. धुकं, पाऊस, रस्त्यावर आलेली दरड, सगळं पाहिलं आणि निवृत्त होताना मिरवायला एकच गोष्ट घरी आणली. गाडीला कधी ओरखडा लागू दिला नाही. ही गोष्ट त्यांनी पाहुण्यांना सांगितली, शेजाऱ्यांना सांगितली, मीटर बघायला आलेल्या माणसालाही ताक पाजून सांगितली. मला ती इतकी पाठ आहे की मध्येच त्यांना खोकला आला तर पुढचं मी सांगू शकते.

निवृत्तीनंतर त्यांनी बांद्याहून एक जुनी मोटारसायकल आणली. टाकीच्या उजव्या अंगाला आधीच्या मालकाचे दोन ओरखडे होते. मी म्हटलं, रंगवून घ्या, बरं दिसेल. तर म्हणाले, "ते माजे न्हय. माका तेंची लाज कित्याक?" विषय तिथेच संपला. पुढे इतकी वर्षं गाडी तशीच फिरली आणि मीही ते ओरखडे विसरून गेले.

गेल्या श्रावणात मात्र स्वारी अचानक म्हणाली, "गाडी रंगवूक टाकूया म्हणतंय. चवथीक झील येतलो, जरा बरी दिसाक व्हयी."

माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्या माणसाला बनियन फाटलं तरी दुसरं काढा म्हणून सांगताना माझ्या तोंडाला फेस येतो, त्याला गाडीच्या दिसण्याची चिंता कुठून आली? ते अंघोळीला गेले तशी मी फडकं घेऊन गाडीजवळ गेले. दरवर्षी खंडेनवमीला ती मीच धुते, मीच तिला हळदकुंकू लावते. तिच्या अंगावर कुठे काय आहे ते मला ठाऊक आहे. डाव्या बाजूला ओरखडेच ओरखडे होते. टाकीवर, खालच्या पत्र्यावर, पाय ठेवतात त्या दांड्यावर. आणि त्यांत चिऱ्याची तांबडी माती भरलेली होती.

"हे खंयचे?" ते अंघोळ करून आले तसं मी विचारलं.

"ते पयलेच होते."

"ते उजवीकडे. हे डावीकडे."

"तुका डावा-उजवा कदी कळला गो?" असं म्हणून ते हसले आणि टॉवेल झटकत आत गेले.

मी हसले नाही. मला भीती वाटली.

हा झील, म्हणजे आमचा मुलगा, मुंबईला असतो. मे महिन्यात कुणीतरी त्याला कळवलं होतं की बाबा नदीकडच्या उतारावर गाडीवरून घसरले. त्याने फोनवर आकांडतांडव केलं. पुन्हा एकदा जरी पडलात तर चावी मी मुंबईला घेऊन जाणार, असं बजावलं. रंगाची घाई कशासाठी होती ते मला उमगलं. गणेशचतुर्थीच्या आत डावी बाजू चकचकीत झाली की झालं, कुणाला काही दिसणार नाही.

खरं सांगायचं तर मलाही ती गाडी हवी होती. आमच्या वाडीत रिक्षा तिच्या मर्जीने येते. बाजार, माझ्या गुडघ्यांचा डॉक्टर, भजन, सगळं त्या मागच्या सीटवरून चालतं. चावी गेली की हे पडवीत बसणार आणि मी त्यांच्या समोर. नुसत्या कल्पनेनेच मला कसंतरी व्हायचं. पण ते कुठे गडग्याला, वाटेकडेच्या दगडी कुंपणाला, आपटून पडलेले डोळ्यांपुढे आले की त्याहून वाईट व्हायचं.

मग एक दिवस आम्ही कुडाळला निघालो. मला बाजार करायचा होता आणि ह्यांना गॅरेजवाल्याला गाडी दाखवायची होती. वाडी संपते त्या वळणावर राखणदाराचा, गावाची राखण करणाऱ्या देवाचा, दगड आहे. आमच्याकडे चालता माणूस असो, गाडीवरचा असो, तिथे हात उचलून नमस्कार केल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. गाडीवरचे सगळे उजवा हात सोडून छातीला आणि कपाळाला लावतात, गाडी न थांबवता. हेही तसेच. हा रिवाज मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे.

त्या दिवशीही त्यांचा हात सुटला, छातीला लागला, कपाळाला लागला आणि खाली आला. पण हँडलच्या मुठीवर आला नाही. मुठीच्या बाजूला हवेतच चाचपडत राहिला. बोटं थरथरत होती. गाडी डावीकडे, चिऱ्यांच्या गडग्याकडे ओढली गेली. "अवो, हात!" मी ओरडले. त्यांनी कसाबसा पाय टेकला. डावी बाजू गडग्याला खरवडत गेली आणि गाडी थांबली.

 मग ते पुढे बघतच म्हणाले, "हात खंय गेलो ता माकाच कळाक नाय."

"मनातल्या मनात नमस्कार केलात तर काय राखणदार रागावतलो?"

"आणि तेका काय सांगू? हात वळणा नाय म्हणान?"

मला रडू आलं, रागही आला. कोणावर ते कळेना. कपातला चहा ते हल्ली बशीत ओतत नाहीत, शर्टाची वरची बटणं मला लावायला सांगतात, हे सगळं तेव्हा एकदम डोळ्यांपुढे आलं.

हळूहळू कुडाळला पोचलो. गॅरेजवाल्याने बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, "ठेवन जावा, नवी करून देतंय." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नको," मी म्हटलं. "चवथ होवंदे, मगे बघूया."

त्यांना कळलं. मला मुलाकडे चहाडी करायची नव्हती, तोंडाने तर नव्हतीच. त्याने डोळ्यांनी बघावं, त्याने बोलावं, चावी त्याने न्यावी. मी कुणाच्या मध्ये नाही. परत येताना वळणावर ह्यांनी गाडी बंद केली, दोन्ही पाय जमिनीवर रोवले आणि दोन्ही हातांनी नमस्कार केला. 

चतुर्थीला मुलगा आला. गणपतीच्या वर टांगायच्या माटवीचं सामान आणायला तोच गाडी घेऊन बाजारात गेला. परत आला आणि गाडीपाशी उकिडवा बसला. डाव्या ओरखड्यांवरून त्याने बोट फिरवलं. बोटाला तांबडी माती लागली, ती अंगठ्याने चोळून बघितली. मी स्वयंपाकघराच्या दारात खोबरं हातात घेऊन उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. त्याने खाली घातली.

हे पडवीत दोन्ही हातांत कप धरून बसले होते.

"बाबा," तो म्हणाला, "रंग अगदीच गेलो हा. कुडाळात देवन टाका. पैसे माज्याकडसून."

मला त्याचा असा राग आला की खोबरं किसताना बोट सोलून घेतलं. फोनवर गर्जना करणारा हाच ना? पण बापाच्या तोंडावर कसं म्हणायचं, हे त्यालाही जमलं नाही. आणि मी तरी काय केलं होतं? माझ्या तोंडचं ओरखड्यांनी बोलावं म्हणून गप्प बसले होते. विसर्जन झालं, तो मुंबईला गेला आणि चावी खिळ्यालाच राहिली.

दुसऱ्या दिवशी हे माशांना निघाले. पिशवी घेतली, चावी घेतली. मी दारात उभी राहिले.

"चावी माज्याकडे द्या."

भांडण होणार म्हणून मी उत्तरं जमवून ठेवली होती. मीठ कमी पडलं तरी घर हलवणारा माणूस हा. त्यांनी का म्हणून विचारलंसुद्धा नाही. चावी माझ्या हातावर ठेवली. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"मगे बाजार कोण हाडतलो?"

"चलत जावया."

"तुज्या ढोपरांनी?"

"तुमी येवा माज्यावांगडा."

ते पायरीवर बसले. पिशवीची घडी घालून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आता ती इकूचीच झाली. पण रंगवून इकूया. घेणारो इचारतलो, कोणाची गाडी म्हणान. माजा नाव सांगूचा लागतला."

मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "रंगवूया. डावी बाजू पयली रंगवूक सांगा. उजवीकडचे काय तुमचे न्हय."